अमेरिकेतली करकपात आणि लॅटिनो कुटुंबं: दर उतरले, पण कुणासाठी?

ह्यूस्टनकर
जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत मोठा करकायदा झाला, तेव्हा आपल्या व्हॉट्सअॅप गटांवर दोनच प्रश्न फिरत होते. भारतात पैसे पाठवण्यावर कर लागणार का? आणि न्यू जर्सी-कॅलिफोर्नियावाल्यांना राज्याच्या करांची वजावट वाढवून मिळणार का? पहिली भीती टळली, दुसरी इच्छा पुरी झाली आणि विषय मिटला.

मी छोट्या धंद्यांची रिटर्न्स भरतो. निम्म्याहून जास्त ग्राहक लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचे: छपरं घालणारे, लॉन कापणारे, घरं साफ करणाऱ्या बायका, टाको ट्रकवाले. यातले बहुतेक धंदे एका माणसाचे, पगारी नोकर नाही. त्यांच्या बाजूने हाच कायदा वेगळा दिसतो. २०१७ पासून 'छोट्या उद्योगांना २० टक्के वजावट' असा डांगोरा पिटला जातोय, आता ती कायमची झाली. हिशेब करून बघा. वर्षाला ५०,००० डॉलर निव्वळ नफा असलेलं जोडपं, दुसरं उत्पन्न नाही. सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्स, म्हणजे स्वतःचा धंदा करणाऱ्याने इन्कम टॅक्सखेरीज भरायचा कर, साधारण ७,०६५ डॉलर. या करावर त्या वजावटीचा शून्य परिणाम. त्या कराचा निम्मा भाग आणि २०२५ चं ३१,५०० चं स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट मिळणारी ठरावीक वजावट) गेल्यावर जे थोडं उरतं, त्याच्या २० टक्के वजावट, म्हणजे करात वाचले फक्त ३०० डॉलर. दहा लाख डॉलर नफ्याची कंपनी नोकरांना दिलेल्या पगाराच्या अटींत बसत असेल, तर तिच्या मालकाचे सत्तर हजारांच्या आसपास वाचतात.

माझं म्हणणं एवढंच: दर किती यावर भांडू नका, अटी वाचा.

फ्रिस्कोकाका
नेहमीचं रडगाणं. तुम्ही ३०० चा आकडा दाखवलात, पण स्टँडर्ड डिडक्शन २०१७ च्या कायद्याने जवळपास दुप्पट झालं हे एका ओळीत उरकलंत! त्या जोडप्याला इन्कम टॅक्स जेमतेम १,२०० येतो, त्याला कारण तेच. आणि १५.३ टक्के सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्स हवेत जात नाही, म्हातारपणी सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर त्यातूनच मिळतं.

लॅटिनो मतदारांना हे कळत नाही असं समजू नका. टेक्सासच्या सीमेवरचा स्टार परगणा जवळजवळ सगळा लॅटिनो. २०२४ मध्ये तिथे शंभराहून जास्त वर्षांनी रिपब्लिकन उमेदवार जिंकला. टिप आणि ओव्हरटाइमवरच्या सवलतीची घोषणा त्या लोकांपर्यंत बरोबर पोचली होती.

सॅनहोजेची_स्मिता
काका, घोषणा पोचली, अट पोचली का? टिपची २५,००० पर्यंतची वजावट सोशल नंबर (सोशल सिक्युरिटी नंबर) असेल तरच, तीही २०२८ पर्यंतच. पगारातून कापला जाणारा पेरोल टॅक्स तसाच राहतो. आणि जिचा इन्कम टॅक्स मुळातच शून्य आहे, त्या वेट्रेसला वजावटीचा उपयोग काय?

मुलांच्या क्रेडिटचं, म्हणजे मुलामागे थेट करातून मिळणाऱ्या सवलतीचं बोला ना. २०२१ मध्ये सहा वर्षांखालच्या मुलामागे ३,६०० आणि त्यावरच्याला ३,००० डॉलर, उत्पन्न नसलं तरी पूर्ण. त्या वर्षी सरकारी मदतही धरणाऱ्या पूरक मोजमापानुसार देशातलं बालदारिद्र्य ५.२ टक्क्यांवर आलं. योजना बंद पडली आणि पुढच्याच वर्षी १२.४. कमी पगारात मोठं कुटुंब चालवणाऱ्या लॅटिनो घरांना हा फटका जास्त बसणार हे उघड आहे. आता क्रेडिट २,२०० झालंय, पण कमाई तुटपुंजी असेल तर पूर्ण हातात पडत नाही.

फ्रिस्कोकाका
२०२१ मध्ये सरकारने पैसे वाटले, २०२२ मध्ये महागाई ९ टक्क्यांपर्यंत गेली. टाको ट्रकवाल्याच्या तेला-मांसाचे भाव कुणी वाढवले?

सॅनहोजेची_स्मिता
महागाई तर जगभर होती, जर्मनीत कुठे हे क्रेडिट होतं? असो.

ह्यूस्टनकर
स्मिताताईंच्या मुद्द्यात सगळ्यात मोठी गोष्ट राहिली. ज्यांना सोशल नंबर मिळू शकत नाही, त्यांना आयआरएस, म्हणजे करखातं, १९९६ पासून ९ ने सुरू होणारा आयटिन हा करनंबर देतं, कर भरता यावा म्हणून. २०१८ पासून मुलाचा सोशल नंबर असला तर आयटिनवाल्या आईबापांनाही क्रेडिट मिळायचं. नव्या कायद्याने निदान एका पालकाकडे सोशल नंबर हवाच. म्हणजे मुलं ह्यूस्टनच्या इस्पितळात जन्मलेली, अमेरिकन नागरिक, आणि दोन मुलांचे ४,००० पर्यंत मिळणारे डॉलर बंद. दर बदललाच नाही, एक ओळ बदलली.

नियम_म्हणजे_नियम
कटू वाटेल, पण बेकायदा राहणाऱ्यांना सरकारी तिजोरीतून क्रेडिट का द्यायचं? आम्ही एच१बीवर वर्षानुवर्षं रांगेत उभे राहिलो. सोशल सिक्युरिटी भरून कुणी कुणी परतही गेलं, त्याचा एक पैसा मिळाला नाही. आमच्यासाठी कुणी धागा काढला नाही.

ह्यूस्टनकर
तुमची तक्रार खरी आहे, आणि तीच त्यांचीही आहे! 'इन्स्टिट्यूट ऑन टॅक्सेशन अँड इकॉनॉमिक पॉलिसी'च्या अंदाजाप्रमाणे कागदपत्रं नसलेल्या लोकांनी २०२२ मध्ये ९६.७ अब्ज डॉलर कर भरला. त्यातले २५.७ अब्ज सोशल सिक्युरिटीत, जिचा लाभ त्यांना मिळणार नाही. आता तर रिटर्न भरायलाच लोक घाबरतात. एप्रिल २०२५ मध्ये करखात्याने पत्ते वगैरे माहिती इमिग्रेशनवाल्यांना देण्याचा करार केला, त्यावरून खात्याच्या प्रभारी प्रमुखांनी पद सोडलं. 'कर भरा, माहिती गुप्त राहील' हे मीच ग्राहकांना सांगत आलोय. आता तोच प्रश्न कुणी विचारला की मी त्याला वकिलाकडे पाठवतो.

नियम_म्हणजे_नियम
तो करार मलाही पटला नाही. क्रेडिटबद्दल मत कायम.

एडिसनकर_वहिनी
पैसे पाठवण्यावरचा कर टळला असं वर लिहिलंय. टळला तो आपल्यासाठी. आधी ५ टक्के, मग प्रतिनिधीगृहात ३.५, शेवटी १ टक्का, तोही रोख, मनीऑर्डर वा कॅशियर्स चेकने पाठवलं तरच. १ जानेवारी २०२६ पासून. आपण बँकेतून किंवा अॅपवरून पाठवतो, म्हणून सुटलो. आमच्या इथल्या किराणा दुकानाच्या खिडकीवर शुक्रवारी संध्याकाळी रोख पगार घेऊन ग्वाटेमालाला पाठवणाऱ्यांची रांग असते, कर त्यांच्या माथी. नागरिक असला तरी सूट नाही. मे महिन्यात खासदारांना पत्रं लिहा म्हणून आपल्या मंडळात मोहीम होती, जूनअखेर सगळे गप्प.

फ्रिस्कोकाका
वहिनी, १०० ला १ डॉलर. पाठवणारी कंपनी फी आणि विनिमय दरात त्याहून जास्त कापते, त्यावर मोहीम काढा. आणि चांगल्या गोष्टीही सांगा की. अॅपवर पैसे घेणाऱ्या छोट्या विक्रेत्यांसाठी ६०० डॉलरच्या वर कमाईची नोंद करखात्याला कळवणारा फॉर्म येणार होता, ती कटकट गेली. परत २०,००० डॉलर आणि २०० व्यवहार ही जुनी मर्यादा आली.

ह्यूस्टनकर
ते चांगलं झालं, निःसंशय. ग्राहकांचा जीव भांड्यात पडला.

सॅनहोजेची_स्मिता
राज्यांचाही फरक बघा. कॅलिफोर्नियात कर भरमसाठ, मान्य, पण २०२० पासून आयटिनवाल्यांनाही राज्याचं अर्न्ड इन्कम क्रेडिट (कमी कमाईवाल्यांची करसवलत) मिळतं. टेक्सासला इन्कम टॅक्स नाही म्हणून काका मिरवतात, पण ८.२५ टक्क्यांपर्यंत सेल्स टॅक्स आहे आणि प्रॉपर्टी टॅक्स भाड्यातून गरिबाच्याच खिशातून जातो.

फ्रिस्कोकाका
तरीही लोक तिकडून इकडेच येतात. ह्यूस्टनकर, टीका पुरे, तुम्ही काय बदलाल ते सांगा.

ह्यूस्टनकर
सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्समधून नफ्याचे पहिले १०,००० डॉलर वगळा. मुलाचा सोशल नंबर पुरेसा धरा. पैसा हवा तर ती २० टक्के वजावट ४ लाखांवरच्या उत्पन्नाला बंद करा.

फ्रिस्कोकाका
पहिल्याला पाठिंबा. दुसऱ्यावर विचार करतो. तिसऱ्याला ठाम विरोध, माझे तीन गॅस स्टेशन ४ लाखांच्या वर जातात!