प्राथमिकच्या शेवटच्या वर्गाचं या सत्राचं प्लॅनिंग आलंय, घरी कशावर भर द्यावा?

कागदी_होडी:
नमस्कार, माझी मुलगी प्राथमिकच्या शेवटच्या वर्गात आहे. या सत्रात काय काय शिकवणार त्याची यादी कालच मिळाली आणि वाचून जरा टेन्शनच आलं. गणितात अपूर्णांकांचा गुणाकार भागाकार, मग दशांश, शेकडेवारी, गुणोत्तर, वर परिमिती क्षेत्रफळ पण आहे. सायन्सला हृदय आणि रक्ताभिसरण, नंतर प्रकाश आणि सावल्या. भाषेत आपलं मत मांडणारा निबंध आणि एक मोठी गोष्ट स्वतः रचून लिहायची. तिला अपूर्णांकांची बेरीज येते, पण छेद सारखे का करायचे विचारलं की गप्प बसते, नुसतं पाठ आहे सगळं. मला नोकरी करून रोज जेमतेम तासभर मिळतो, तो कशाला देऊ? की सरळ क्लास लावू?

खडू_आणि_फळा:
ताई, मी याच वयाच्या मुलांना शिकवतो. क्लासचं नंतर बघा, आधी पहिले तीन चार आठवडे तुमचा तो तास अपूर्णांकांना द्या. यादी मोठी दिसते पण दशांश, शेकडेवारी, गुणोत्तर हे सगळं त्याच्यावरच उभं आहे, ३/४ म्हणजेच ०.७५ म्हणजेच ७५ टक्के हे एकदा आतून कळलं की अर्धं सत्र सोपं जातं.

भागाकाराला "उलटा करून गुणा" हे लगेच सांगू नका प्लीज. कागदाची एक लांब पट्टी घ्या, तीनदा अर्ध्यात दुमडा, आठ सारखे भाग होतात. आता ३/४ पट्टी रंगवायला सांगा आणि विचारा की यात १/८ चे तुकडे किती बसतात. ती मोजेल, सहा. म्हणजे ३/४ ÷ १/८ = ६. भागाकार केला आणि उत्तर मोठं आलं याचं मुलांना फार आश्चर्य वाटतं, तिथे थांबा, तिला बोलू द्या. नियम त्यानंतर. छेद सारखे का करायचे हेही त्याच पट्टीवर दिसतं, तुकडे एकाच मापाचे नसतील तर एकत्र मोजणार कसे.

दोन चुका हमखास होतात. ०.३५ हे ०.४ पेक्षा मोठं वाटतं, कारण ३५ मोठे ना ४ पेक्षा. आणि लाल निळे मणी २:३ असले की लाल मणी २/३ असं लिहितात, एकूण भाग पाच आहेत, म्हणून २/५, हे सुटतं.

दोन_पिल्लांची_आई:
वरच्या सरांशी सहमत. सायन्सचं मात्र तुम्हाला घरी वेगळं काही करावं लागणार नाही, एक घड्याळ पुरे. शांत बसून मनगटावरची नाडी ३० सेकंद मोजायची आणि दुप्पट करायची, मग दोन मिनिटं दोरीवरच्या उड्या आणि परत मोजायची, नंतर दर मिनिटाला मोजत राहायचं ती मूळ आकड्यावर येईपर्यंत. त्याचा रेषालेख काढायला लावा, गणितही होतं. माझ्या मोठ्याने हे केलं तेव्हा त्याने स्वतःहून विचारलं की ठोके वाढतात कशाला, आणि स्नायूंना जास्त ऑक्सिजन लागतो हे मग त्याला सांगावंच लागलं नाही, शोधून आला.

त्याला अजून एक गोष्ट फार आवडली होती. रक्त शरीरात गोल फिरतं हे विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरने १६२८ मध्ये मांडलं, पण धमन्यांमधून शिरांमध्ये ते जातं कसं ते त्याला बघताच आलं नाही. त्या बारीक केशवाहिन्या माल्पिघी या इटालियन शास्त्रज्ञाला १६६१ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात दिसल्या, तोवर हार्वे वारला होता. न दिसणारी गोष्ट हिशोबाने ओळखता येते हे त्या वयात खूप खोल जातं मुलांच्या.

निळी_शाई:
निबंधाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. शुद्धलेखन आधी तपासू नका, पोरं लिहायचीच थांबतात. तिने मत मांडलं की फक्त "का?" विचारा, आणि समोरचा काय म्हणेल ते पण लिहायला सांगा. चुका दुसऱ्या वाचनात, आणि त्याही तिलाच मोठ्याने वाचून सापडू देत.

कागदी_होडी:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल पट्टी करून बघितली. सहा आल्यावर ती बराच वेळ पट्टीकडे बघत बसली आणि मग म्हणाली, मग १/१६ ने भागलं तर बारा येतील का? मी काहीच सांगितलं नव्हतं. क्लासचा विचार सध्या बाजूला ठेवलाय. सर, गुणाकारासाठी पण पट्टीच वापरू की चौकोनी कागद?

खडू_आणि_फळा:
चौकोनी कागद. २/३ × ३/४ घ्या, एका बाजूने दुमडून तीन सारखे भाग करा आणि दोन रंगवा, दुसरीकडून चार भाग करा आणि तीन वेगळ्या रंगाने रंगवा, बारा घरं होतील, दोन्ही रंग जिथे एकावर एक येतात ती सहा. क्षेत्रफळाचा धडा येईल तेव्हा हाच कागद परत काढा.