विद्यमान आमदार नाशिकमधून लोकसभेला उभे राहिले तर आमदारकीचं नेमकं काय होतं?

मखमलाबादकर

समजा, जिल्ह्यातले एक मुरलेले आमदार आहेत. चार-पाच वेळा निवडून आलेले, मंत्रिपद भोगलेले, सध्या एका महामंडळाचे अध्यक्ष. पक्ष म्हणतो, नाशिकमधून लोकसभा लढवा. त्यांचं मतदार यादीतलं नाव येवल्यात. ग्रुपवर चार जण चार गोष्टी सांगतायत. कुणी म्हणतं अर्ज भरण्याआधी राजीनामा द्यावाच लागतो, कुणी म्हणतं हरले की आमदारकीही गेली, कुणी म्हणतं जिंकले की आमदारकी आपोआप रद्द. आणि येवल्याचा मतदार नाशिकमधून उभा राहू शकतो का? कागदपत्रं हाताळलेल्यांनी सांगावं. कोण जिंकेल हा विषय इथे नको, त्यासाठी दुसरे धागे ओसंडून वाहतायत.

कोर्टगल्ली

राजीनामा आधी लागत नाही. आमदार असताना लोकसभा लढवता येते, मंत्री असतानाही. हरले तर आमदारकी जागच्या जागी. उदाहरण घरचंच आहे: २०१४ मध्ये छगन भुजबळ येवल्याचे आमदार आणि राज्यात मंत्री असताना नाशिकमधून लोकसभा लढले, हेमंत गोडसे यांच्याकडून पावणेदोन लाखांहून जास्त मतांनी हरले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात येवल्यातून पुन्हा विधानसभेवर गेले. २०२४ मध्ये सुधीर मुनगंटीवार मंत्री असताना चंद्रपुरातून हरले आणि मंत्रिपदावर कायम राहिले.

तिसरा समज मात्र उलटा आहे आणि तोच महागात पडणारा आहे. आपोआप जाते ती आमदारकी नाही, खासदारकी! संविधानाचं कलम १०१(२) आणि त्याखालचे १९५० चे नियम असं सांगतात: निवडून आल्याची घोषणा राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून १४ दिवसांच्या आत विधिमंडळाचा राजीनामा दिला नाही, तर संसदेतली जागा रिकामी होते. केंद्राचं आणि राज्याचं राजपत्र यांपैकी जे नंतर निघेल तिथून दिवस मोजायचे, मतमोजणीच्या दिवसापासून नाही. विधान परिषदेच्या सदस्यालाही हेच लागू. दोन लोकसभा जागा जिंकल्यावर एक सोडण्याचे १४ दिवस हा वेगळा नियम आहे, लोक दोन्हींची खिचडी करतात.

राजीनामा विधानसभा अध्यक्षांच्या नावे, स्वतःच्या सहीनं. तो स्वेच्छेचा आणि खरा आहे अशी अध्यक्षांची खात्री व्हावी लागते (कलम १९०), म्हणून कार्यकर्त्याच्या हाती पाठवण्यापेक्षा समक्ष द्यावा आणि पोच घ्यावी. तेराव्या दिवसापर्यंत थांबण्यात काही शहाणपण नाही.

एकच परिस्थिती अशी की राजीनामा आधीच द्यावा: दुसऱ्या पक्षाच्या चिन्हावर लढायचं असेल तर. नाहीतर संविधानाच्या दहाव्या परिशिष्टाखाली (पक्षांतरबंदी) ‘स्वेच्छेनं पक्ष सोडला’ म्हणून अपात्रतेची याचिका ठरलेली. निलेश लंके यांनी २०२४ मध्ये पारनेरच्या आमदारकीचा राजीनामा देऊन मगच अहमदनगरची लोकसभा लढवली, ती याचसाठी.

सिन्नर_फाटा

येवल्याच्या प्रश्नाचं उत्तर: हो, उभं राहता येतं. लोकसभेला देशातल्या कुठल्याही मतदारसंघाचा मतदार चालतो. पण येवला जिल्ह्यानं नाशिक असलं तरी लोकसभेला दिंडोरीत आहे. नाशिक लोकसभेत सहाच विधानसभा येतात: सिन्नर, नाशिक पूर्व, मध्य, पश्चिम, देवळाली, इगतपुरी. दिंडोरीत नांदगाव, कळवण, चांदवड, येवला, निफाड, दिंडोरी. मालेगावच्या दोन्ही आणि बागलाण धुळ्याला जोडलेल्या. दिंडोरी अनुसूचित जमातीसाठी राखीव, त्यामुळे येवला-निफाड-चांदवडच्या बिगरआदिवासी नेत्याला घरच्या मतदारसंघात लोकसभेचा दरवाजाच बंद आहे. मग तो नाशिककडे बघतो, आणि तिथे त्याचं स्वतःचं एकही मत नसतं.

यातून अर्जात दोन चुका होतात.

पहिली: उमेदवार दुसऱ्या मतदारसंघाचा मतदार असेल तर आपल्या नावाच्या नोंदीची प्रमाणित प्रत अर्जासोबत किंवा छाननीच्या वेळी हजर करावी लागते. ओळखपत्राची झेरॉक्स किंवा वेबसाइटवरून काढलेली प्रिंट चालत नाही. आमदारांना याची सवय नसते, कारण ते बहुतेक आपल्याच मतदारसंघात मतदार असतात आणि विधानसभेला हा कागद कधी लागलेला नसतो.

दुसरी जास्त घातक: सूचक (अर्जावर सही करून उमेदवाराचं नाव सुचवणारा) नाशिक लोकसभेचाच मतदार हवा. वीस वर्षं सोबत असलेला येवल्याचा निष्ठावान सूचक म्हणून बाद. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला १ सूचक पुरतो, अपक्षाला किंवा अमान्यताप्राप्त पक्षाला १० लागतात. सूचकाचा यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक ताज्या यादीवरून तपासा, पुरवणी यादीत क्रमांक बदललेले असतात. एका उमेदवाराला ४ अर्ज भरता येतात, अनामत एकदाच. चारही भरावेत, प्रत्येकावर वेगळा सूचक.

अनामत २५,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२,५००. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत तर जप्त.

आणि फॉर्म क्रमांक २अ, २ब नव्हे. २ब विधानसभेचा. जुन्या फाइलमधून कॉपी करणाऱ्या स्वीय सहायकांना हे आवर्जून सांगा. एबी फॉर्मवर (पक्षाची अधिकृत उमेदवारी कळवणारे ए आणि बी हे दोन कागद) शाईची सही हवी, शिक्का किंवा छापील सही बाद. शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत पोचला पाहिजे. २०२४ ला नाशिक आणि दिंडोरी दोन्हींचे अर्ज इथल्याच जिल्हाधिकारी कार्यालयात घेतले होते, तेव्हा बी फॉर्मवर मतदारसंघाचं नाव बरोबर आहे ना, हेही पाहा. बी फॉर्मवर पर्यायी उमेदवाराचं नाव टाकायची सोय असते, ती रिकामी सोडू नये.

जमाखर्च

कायद्याचं वर आलंच. ज्येष्ठ नेते अडकतात ते शपथपत्रात आणि हिशेबात.

शपथपत्राच्या नमुना २६ मध्ये एकही रकाना मोकळा ठेवायचा नाही. माहिती नसेल तर ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहायचं. रेघ मारून चालत नाही. रिकामा रकाना दिसला की निवडणूक निर्णय अधिकारी नोटीस देतात आणि दुरुस्त शपथपत्र आलं नाही तर अर्ज बाद होऊ शकतो (सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल). जुन्या नेत्यांसाठी यात दोन कलमं विशेष त्रासाची आहेत.

एक, सरकारी निवासस्थान. गेल्या १० वर्षांत मंत्र्याचा बंगला किंवा आमदार निवासातली खोली वापरली असेल तर भाडं, वीज, पाणी, टेलिफोन यांची थकबाकी नसल्याचं दाखवावं लागतं. चारही दाखले वेगवेगळ्या कचेऱ्यांतून येतात, मुंबईतले. उमेदवारी जाहीर व्हायची वाट न बघता महिनाभर आधी अर्ज टाका. पाच वर्षांपूर्वी सोडलेल्या बंगल्याचं पाणीबिल निघतं आणि शेवटच्या दोन दिवसांत धावपळ होते.

दोन, गुन्हे. पंचवीस वर्षं राजकारण केलेल्या माणसावर रास्ता रोको, कांदा आंदोलन, जमावबंदी मोडल्याचे गुन्हे दहा पोलीस ठाण्यांत विखुरलेले असतात. त्यातले काही निकाली निघाले की प्रलंबित आहेत, हे त्यालाही ठाऊक नसतं. तोंडी विचारू नका. पोलिसांकडून लेखी यादी घ्या आणि कोर्टातून सद्यःस्थिती काढा. दडवलं म्हणून निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका होते. प्रलंबित गुन्हे असतील तर सी-१ नमुन्यात तीन वेळा वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर जाहिरात द्यायची: माघारीनंतर पहिल्या ४ दिवसांत, मग ५ ते ८ व्या दिवसात, मग ९ व्या दिवसापासून प्रचार संपेपर्यंत. जाहिरातीचा खर्च उमेदवाराच्याच खात्यावर पडतो.

आता खर्च. मर्यादा ९५ लाख, विधानसभेची ४० लाख. ऐकायला दुपटीहून जास्त, पण नाशिक लोकसभेत २० लाखांहून अधिक मतदार आहेत. म्हणजे डोई पावणेपाच रुपयेसुद्धा नाहीत. विधानसभेला साधारण सव्वातीन लाख मतदार धरले तर बारा रुपये पडतात. विधानसभेच्या सवयीनं दर गावात मंडप, दर गल्लीत गाडी असं सुरू केलं की आठवड्यात हिशेब हाताबाहेर जातो. खर्च अर्ज भरल्याच्या तारखेपासून निकालाच्या तारखेपर्यंत धरतात, त्यामुळे शालिमारवरून निघालेली शक्तिप्रदर्शनाची रॅलीही त्यात आली. स्टार प्रचारकाच्या सभेत उमेदवार स्टेजवर बसला किंवा त्याचं नाव-फोटो लागला, की सभेचा खर्च त्याच्यावर. खुर्ची किती, चहा किती, हे प्रशासनाच्या दरपत्रकावरून ठरतं, तुमच्या मंडपवाल्याच्या बिलावरून नाही. प्रशासन तुमच्या खर्चाची स्वतंत्र नोंद ठेवतं, त्या छाया नोंदवहीशी तुमची वही प्रचारात किमान तीनदा जुळवून बघतात.

वेगळं बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडा. ते निवडणूक प्रतिनिधीसोबत संयुक्त चालतं, बायको-मुलासोबत नाही. एका व्यक्तीला संपूर्ण निवडणुकीत १०,००० रुपयांहून जास्त रोख नको. हिशेब निकालापासून ३० दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे. हरलेले उमेदवार हे हमखास विसरतात आणि तीन वर्षांच्या अपात्रतेला तोंड देतात.

मखमलाबादकर

भरपूर झालं, आभार. दोन गोष्टी राहिल्या: महामंडळाचं काय? आणि जिंकले तर रिकाम्या आमदारकीवर पोटनिवडणूक कधी?

कोर्टगल्ली

महामंडळ हा खरा सापळा. सरकारकडचं लाभाचं पद असेल तर खासदारकीला अपात्र ठरतात. मंत्रिपद हे लाभाचं पद धरत नाहीत, पण महामंडळाचं अध्यक्षपद धरलं जाऊ शकतं. राज्याच्या कायद्यानं आमदाराला दिलेली सूट संसदेच्या निवडणुकीत उपयोगाची नाही. तिथे संसदेचा १९५९ चा कायदा लागतो आणि त्याच्या परिशिष्टात राज्यवार मंडळांची यादी आहे. मंडळ त्या यादीत आहे का, आणि अध्यक्षाला भत्त्यांपलीकडे मानधन मिळतं का, हे दोन्ही बघायचं. खल करत बसण्यापेक्षा छाननीच्या तारखेआधी अध्यक्षपद सोडावं आणि राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र फाइलला लावावं.

आणखी एक: अर्ज दिल्यानंतर आणि छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत उमेदवाराची शपथ घ्यायची असते. आमदार म्हणून सभागृहात घेतलेली शपथ इथे चालत नाही.

पोटनिवडणूक जागा रिकामी झाल्यापासून ६ महिन्यांत. विधानसभेची मुदत वर्षाहून कमी उरली असेल तर लागत नाही. २०२४ मध्ये वर्षा गायकवाड, प्रणिती शिंदे, संदीपान भुमरे असे आमदार खासदार झाले, पण पोटनिवडणुका झाल्या नाहीत, कारण नोव्हेंबरात विधानसभेचीच निवडणूक होती.

भद्रकाली_टॅक्सी_स्टॅंड

राज्यातला मोठा नेता नाशिकमार्गे दिल्लीला गेल्याचं उदाहरण यशवंतराव चव्हाणांचं. १९६२ च्या चीन युद्धात मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री झाले आणि १९६३ च्या पोटनिवडणुकीत नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले. तसं आता कुणाच्या नशिबी नाही.

सिन्नर_फाटा

बिनविरोध सोडा, इथे तिकीटच वेळेवर मिळत नाही. २०२४ ला राजाभाऊ वाजे यांचं नाव २७ मार्चला आलं, हेमंत गोडसे यांचं १ मेला. अर्जाची मुदत ३ मे, मतदान २० मे. एकाला ५४ दिवस, दुसऱ्याला १९. इगतपुरी-त्र्यंबकचे पाडे, सिन्नरचा पूर्व भाग, सिडको-सातपूर आणि पंचवटी १९ दिवसांत नीट फिरून होत नाही. बूथचंही तसंच: केंद्रामागे तेव्हाची १,५०० मतदारांची वरची मर्यादा धरली तरी १,३५० च्या पुढे केंद्रं होतात, प्रत्यक्षात त्याहून जास्त. प्रत्येक ठिकाणी एक पोलिंग एजंट आणि दोन बदली, प्रत्येकाचा नमुना १० (नेमणूकपत्र) उमेदवाराच्या किंवा प्रतिनिधीच्या सहीचा. म्हणजे चार हजारांवर सह्या. येवल्यातून पोरं आणून बूथवर बसवता येत नाहीत, एजंट त्या बूथच्याच विधानसभा मतदारसंघाचा मतदार लागतो.

चिन्ह वाटपाच्या दिवशी इतरांच्या चिन्हांवरही नजर ठेवा. २०२४ ला दिंडोरीत भास्कर भगरे यांचं चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’ होतं आणि त्याच आडनावाच्या एका अपक्षाला ‘तुतारी’ मिळाली. त्या अपक्षाला लाखाहून जास्त मतं पडली. भगरे तरीही निवडून आले, पण फरक कमी असता तर जागा गेली असती. मतपत्रिकेवर नाव कसं छापायचं (टोपणनाव, ‘सर’, ‘अण्णा’, ‘भाऊ’) याचा लेखी अर्ज वेळेत द्या, फोटो अलीकडचाच द्या. वीस वर्षांपूर्वीचा काळ्या केसांचा फोटो देण्याचा मोह नेत्यांना आवरत नाही, आणि येवल्याबाहेरचा मतदार त्यांना त्या फोटोवरून ओळखत नाही.