टॉकबॅक लावलं, पण बँकेचं ॲप काही बोलेना – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या मामांचं गंगावेशीत किराणा दुकान आहे. शुगरनं डोळ्यांचा पडदा गेला, आता उजेड-अंधार तेवढा कळतो. दुकान मात्र सोडायला तयार नाहीत. आलेले पैसे साउंडबॉक्स मराठीत ओरडून सांगतो. नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं मनी ॲप आहे, ते नेटशिवायही चालतं. अडतंय ते लक्ष्मीपुरीतल्या व्यापाऱ्याला पैसे पाठवताना.

अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी सोय, लावून दिलंय, आवाज मराठी. बोट ठेवलं की वाचतं, दोनदा टिचकी मारली की उघडतं, हे त्यांनी पटकन उचललं. दोन बोटांनी दोनदा टिचकी मारून फोन घ्यायचा, हे तर आता मलाच शिकवतात! पण बँकेच्या ॲपात बोट फिरवलं की "लेबल नसलेलं बटण, लेबल नसलेलं बटण" एवढंच. त्यातलं 'पाठवा' कुठलं नि 'रद्द' कुठलं? पिन टाकताना तर एकही आकडा बोलत नाही. मामा म्हणतात, "जुन्या बटणांच्या डबड्याला पाचवर टिपका तरी होता."

त्या बटणांना आपल्याला नावं देता येतात का? पिनचे आकडे मामांना ऐकू यावेत पण गिऱ्हाइकाला नकोत, यावर काय करता? साध्या फोनवरून १२३पे (बिननेटचं यूपीआय) कुणी रोज वापरतं का? "पिन पोराला सांगून ठेवा" हा सल्ला कृपया नको, तो बँकेत मिळालाय.

उत्तर:
मी स्वतः अंध आहे, त्यामुळे हे रोजचंच. आधी पिनचं. इअरफोन लावा. टॉकबॅकमधली पासवर्ड मोठ्यानं बोलायची सेटिंग बंद असेल तर आकडे फक्त इअरफोनमध्ये येतात. एकाच कानात घालायला सांगा, दुसरा गिऱ्हाइकासाठी मोकळा.

बटणावर बोट नेऊन मग तीन बोटांनी एकदा टिचकी मारा. मेनू उघडेल, त्यात लेबल द्यायची सोय आहे. सगळ्याच बटणांना जमत नाही, आणि ॲप अपडेट झालं की कधी कधी दिलेली नावं जातात. त्याच मेनूत स्क्रीन लपवायचंही आहे. शेजारचा डोकावला तरी त्याला काळंच दिसतं.

बँकेकडे तक्रार मात्र लेखीच द्या. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं डिजिटल सेवा वापरता येणं राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात, धरलंय, ते त्यात लिहा. १२३पे मी वापरत नाही.

फोनचं अँड्रॉइड कितवं आहे? ११ च्या आधीचं असेल तर तीन बोटांचं चालणार नाही. बोट खाली आणि तसंच उजवीकडे ओढा, मेनू येईल.