योशिनोया नक्की किती जुनं आहे?

गिरगावकर_९१: माझा मामेभाऊ टोकियोत असतो, सारखे त्या केशरी बोर्डवाल्या योशिनोयाचे फोटो टाकतो, भातावर बीफ नि कांदा. मला वाटलं मॅकडोनाल्ड्सच्या वळणावर काढलेली नवी चेन असेल, तो म्हणतो शंभर वर्षं जुनं. फेकतोय का?

खादाड_डोंबिवली: नाही रे, खरंय. १८९९ ला टोकियोतल्या निहोनबाशीच्या मासळीबाजारात एइकिची मात्सुदा नावाच्या माणसाने सुरू केलं, नाव तो मूळचा ओसाका शहरातल्या ज्या योशिनो भागातला, त्यावरून. गिऱ्हाईक कोण तर बाजारातली घाईतली माणसं, आपल्या ससून डॉकला पहाटे असतात तशी, त्यांना पटकन पोटभर हवं म्हणून सगळं एकाच वाडग्यात. १९२३ च्या भूकंपानंतर बाजार टोकियोतच त्सुकिजीला गेला मग दुकान पण मागोमाग तिकडेच. चेन वगैरे १९६८ नंतरचं.

बोरीवली_लोकल: आणि लोगो नीट बघ, मधे बैलाची शिंगं आहेत. ब्रँडिंग म्हणजे तीनच गोष्टी, झटपट, चविष्ट, स्वस्त, बास. पण नुसत्या ब्रँडवर भागत नाही हां, १९८० ला कंपनी चक्क बुडाली होती, नंतर सावरली. २००३ च्या शेवटी मॅड काऊमुळे, म्हणजे गुरांच्या मेंदूच्या रोगामुळे, जपानात अमेरिकन बीफ बंद झालं तर यांनी २००४ मध्ये ही बीफ-भाताची डिशच थांबवली, डुकराच्या मांसाचा भात विकला पण त्या डिशमध्ये दुसरं बीफ घातलं नाही. मला तर हेच खरं ब्रँडिंग वाटतं.

गिरगावकर_९१: भारी! मुंबईत काढतील का रे?

खादाड_डोंबिवली: २०१५ पासून गोवंशबंदी आहे बाबा इथे, चिकनवालं काढलं तरच.