दवाखान्याच्या खर्चात शून्यंच जास्त, उरलेले लाखांत: कोणतं मॉडेल लावावं?

पूर्वभाग_सर्व्हे: सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या घरांचा डेटा आहे. वर्षभरात भरती होण्यावर खिशातून गेलेला खर्च आणि गेल्या १५ दिवसांतल्या ओपीडी भेटी. बहुतेक घरांत खर्च शून्य, थोड्यांत लाखांवर. खर्चात १ मिळवून लॉग घेतला आणि साधं रिग्रेशन केलं, तर रेसिड्युअलचे (खरा आकडा वजा अंदाज) दोन ढीग पडतात. आरोग्य योजनेच्या कार्डाचा परिणाम रुपयांत सांगायचाय.

लॉगलिंक: ते १ मिळवणं आधी सोडा. खर्च हजारांत लिहिलात तर तोच १ हजार रुपयांचा होतो आणि कार्डाचा परिणाम बदलतो. टू-पार्ट, म्हणजे दोन भागांचं मॉडेल घ्या. सगळ्या घरांवर लॉजिट (हो-नाहीच्या शक्यतेचं मॉडेल): खर्च झाला की नाही. मग फक्त खर्च झालेल्यांवर गॅमा जीएलएम (उजवीकडे लांब शेपटी असलेल्या धन आकड्यांसाठीचं रिग्रेशन), लॉग लिंक, म्हणजे लॉग खर्चाचा नाही, अंदाजित सरासरीचा. प्रत्येक घरासाठी दोन्ही अंदाजांचा गुणाकार करा, एकदा सगळ्यांकडे कार्ड आहे असं धरून, एकदा कोणाकडेच नाही असं धरून. फरकाची सरासरी म्हणजे रुपयांतला परिणाम. बूटस्ट्रॅप (डेटातूनच पुन्हापुन्हा नमुने उचलून अंदाज किती हलतो ते पाहणं) करताना घरं नाही, अख्ख्या वस्त्या उचला आणि दोन्ही भाग दर वेळी नव्याने बसवा.

शेष_वर्ग: गॅमा तपासूनच घ्या. रेसिड्युअलच्या वर्गाचं, अंदाजित खर्चाच्या लॉगवर, लॉग लिंकनेच रिग्रेशन करा (सुधारित पार्क टेस्ट). उतार २ च्या आसपास आला तर गॅमा, १ असेल तर पॉइसनसारखं व्हेरियन्स (पसारा). लॉगवरच राहायचं असेल तर नुसता एक्स्पोनेन्शियल घेऊन रुपयांत येऊ नका. लॉगचं व्हेरियन्स १.५ असेल आणि वितरण नॉर्मल, तरी खरी सरासरी त्याच्या २.१ पट असते. त्यासाठी डुआनचा १९८३ चा स्मिअरिंग गुणक (लॉग रेसिड्युअलच्या एक्स्पोनेन्शियलची सरासरी) आहे, पण कार्डवाल्या आणि बिनकार्डवाल्या घरांत पसारा वेगळा असेल तर तो दोघांचा वेगळा काढा. आणि शेपटीतली, म्हणजे फार मोठ्या खर्चाची घरं कापू नका. आकडा टाकताना एखादं शून्य जास्त पडलंय का ते बिलाशी ताडा. डायलिसिसचा खर्च खराच तेवढा असतो.

भेटी_मोजणी: ओपीडीला निगेटिव्ह बायनॉमिअल (पसारा जास्त असलेल्या मोजणीचं मॉडेल) लावा, घरातल्या माणसांच्या संख्येचा लॉग ऑफसेट म्हणून, म्हणजे हिशेब माणशी होतो. १५ दिवसांच्या भेटींना २४ ने गुणून घराचा वार्षिक आकडा करू नका: पंधरवड्यात शून्य असलेलं घर वर्षभर शून्य नसतं. मुलाखतीचा पंधरवडाही मॉडेलमध्ये हवा. आषाढीला माणसं पंढरपूरला गेलेली असतात, पावसाळ्यात तापाचे रुग्ण वाढतात.

पूर्वभाग_सर्व्हे: कॅशलेस झालेल्यांचा खर्चही शून्यच नोंदवलाय. तेही पहिल्या भागात ‘नाही’ धरायचे?

लॉगलिंक: नाही, इथेच उत्तर बिघडेल. भरती झाली नाही ते शून्य वेगळं आणि भरती होऊन पैसे लागले नाहीत ते वेगळं. कार्ड पहिलं वाढवत नाही, उलट भरती वाढवून ते कमी करू शकतं. दुसरं मात्र वाढवतं. तीन पायऱ्या करा: भरती, भरती झालेल्यांत खर्च लागला का, लागला तर किती. शिवाय कार्ड कधी काढलं ते पाहा. आजारी पडल्यावर काढलेली कार्डं तशीच मिसळली तर कार्डामुळे भरती वाढली असं दिसेल. अशी घरं निदान वेगळी ओळखता यावीत.