चांदोलीत वाघ दिसतो का? का सरळ ताडोबा गाठावं?

वाळव्याचा_गडी:
राम राम मंडळी. मी इस्लामपूरचा. मे महिन्यात पोरांना सुट्टी आणि घरात एकच भुणभुण, वाघ बघायचाय. चांदोली इथनं दोनेक तासांवर, पण ऑफिसातले म्हणतात तिथं काय नाय नुसती झाडं, पैसे घालवायचेच तर ताडोबाला घालव. बरोबर आई पण येणार, तिचे गुडघे दुखतात. कुणी अलीकडं जाऊन आलंय का? वाघ दिसतो का खरंच, का व्याघ्र प्रकल्प नुसता बोर्डावरच?

कराडकर_आप्पा:
सरळ सांगतो, वाघच बघायचा असेल तर चांदोलीला जाऊ नका. वाघ नाही असं नाही हां. 2023 च्या डिसेंबरात ट्रॅप कॅमेऱ्यात आलाय, नोव्हेंबर 2025 मध्ये ताडोबातनं एक वाघीण पण आणली. पण चांदोली आणि कोयना मिळून हा सह्याद्री प्रकल्प 1165 चौ. किमीचा, चार जिल्ह्यांत पसरलाय आणि त्यात वाघ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यात झाडी इतकी दाट की रस्त्याकडेला गवा उभा असला तरी कान हलवेपर्यंत पत्ता लागत नाय. ताडोबाचं जंगल सागाचं आणि बांबूचं, उन्हाळ्यात पानं झडून लांबवर दिसतं, पाणवठे आटतात, मग जनावर राहिलेल्या पाण्यावर येतंच आणि गाड्या तिथंच थांबलेल्या असतात. आपल्याकडं एवढा मोठा वारणेचा जलाशय, शिवाय ओढ्याओढ्याला पाणी, वाघ कशाला तुमच्या गाडीसमोर येतोय?

वाळव्याचा_गडी:
आप्पा मग माणसं तिथं बघायला जातात तरी काय?

झोळंबीचा_नातू:
आमच्या आजोबांचं गाव आत, झोळंबी. धरण आणि जंगलापायी गावं उठली, आम्ही आता खाली वसाहतीत. म्हणून "नुसती झाडं" म्हणलं की जरा डोकं फिरतं, असो. जुन्या गावठाणात घरांची जोती अजून हायत, दारातला आंबा हाय आणि भाताच्या खाचरांचं आता कुरण झालंय, त्यात सकाळी गवे चरतात. काळाकुळकुळीत अंग, गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यागत पाय, आणि गाडी थांबली की मान वर करून एकटक बघत राहतो. वर सडा हाय, जांभ्याचा उघडा कातळ, तिथनं खाली जलाशय दिसतो. शेकरू, धनेश, सांबर नशिबात असेल तर दिसतं, अस्वलानं खरवडलेली झाडं तर गाईड दाखवतोच. 2012 ला युनेस्कोनं कास, कोयना, चांदोली, राधानगरी जागतिक वारशात घेतलं ते काय वाघासाठी नव्हे. मे मध्ये करवंदं-जांभळं पण असतात, पण तोडू नका, ती अस्वलाची.

मिरज_जंक्शन:
ताडोबाचं ठरलंच तर महाराष्ट्र एक्सप्रेस बरी, सांगलीत बसायचं ते थेट नागपूरला उतरायचं, पण सुट्टीतलं रिझर्वेशन लई आधी करावं लागतंय. सफारीचं बुकिंग पण ऑनलाइन आधीच करा, शनिवार-रविवार भरलेले असतात. मंगळवारी कोअर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, बंद. मोबाईल आत नेता येत नाय, म्हणजे रील बनवायचं विसरा. आणि चंद्रपूरचं मे महिन्यातलं ऊन म्हणजे चेष्टा नाय, वर उघड्या जिप्सीत तीन-चार तास हादरे. आईंचे गुडघे दुखतात म्हणताय ना, विचार करा. ताडोबात पण वाघाची गॅरंटी कोण देत नाय, देतो म्हणणाऱ्या एजंटला आगाऊ पैसे देऊ नका.

देवराष्ट्रे_एक्सप्रेस:
पोरं लहान असतील तर आधी सागरेश्वर दाखवा की राव! जेमतेम 11 चौ. किमी, पण हरणं सकाळ-संध्याकाळ हमखास दिसतात. उजाड डोंगरावर धों. म. मोहित्यांनी झाडं लावून उभं केलेलं अभयारण्य हाय ते. इथलीच चितळं सह्याद्री प्रकल्पात नेऊन सोडलीत, वाघाला खायला काय तरी पाहिजे ना 😄

वाळव्याचा_गडी:
मग या सुट्टीत चांदोली, ताडोबा दिवाळीनंतर थंडीत बघू. थोरलं तोंड पाडून बसलंय, धाकट्याला गवा चालतोय. जेवणाचं काय?

झोळंबीचा_नातू:
शिराळा, कोकरूड, आरळा करत मणदूरला या. नाश्ता आरळ्यातच उरका, आत काय मिळत नाय. डबा-पाणी घरनं घ्या, कागद-पिशव्या परत आणा. पहाटे लवकर निघा, दहानंतर सगळी जनावरं सावलीला जातात. आणि पावसाळ्यात बंद असतंय, तवा जूनवर ढकलू नका.