इनामगावच्या सांगाड्यांचं हाड डीएनएसाठी पोखरावं का?

पांढरीचं टेकाड
हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या शहराच्या दफनभूमीतले ६१ नमुने तपासले, तेव्हा एकाच स्त्रीच्या हाडातून उपयोगी पडेल इतका डीएनए निघाला. २०१९च्या शोधनिबंधातच ही नोंद आहे. बाकीची हाडं पोखरली गेली ती गेलीच. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: इनामगाव, नेवासे, दायमाबाद या महाराष्ट्रातल्या हजारो वर्षांपूर्वीच्या वस्त्यांच्या जुन्या संग्रहांतली पेट्रस हाडं सध्या कुणालाही देऊ नयेत.

पेट्रस म्हणजे कवटीच्या तळाचं, आतल्या कानाला वेढणारं हाड. शरीरातलं सगळ्यांत घट्ट हाड हेच, त्यामुळे डीएनए टिकला तर इथे टिकतो. एका माणसाला अशी दोनच असतात. भुकटी पन्नास मिलिग्रॅमच्या आसपास लागते, पण ती मिळवताना कानाच्या नळ्यांची घडण कायमची नष्ट होते. इनामगावचं उत्खनन १९६८ ते १९८३ असं चाललं. घोट्याखाली पाय तोडून पुरलेली माणसं, तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत ठेवलेली बाळं, हे सगळं पुन्हा उकरून मिळणार नाही.

कुंभतळ
पूर्ण असहमत. ‘सध्या नको’ म्हटलं म्हणजे हाडं सुरक्षित राहिली, असं तुम्ही धरून चालला आहात. धुऊन, साध्या कोठीत वर्षानुवर्षं ठेवलेल्या हाडातला डीएनए जमिनीतल्यापेक्षा वेगाने तुटतो. पुण्यातल्या कोठीतला एप्रिल-मे आठवा. वीस वर्षं थांबलात तर तंत्र सुधारलेलं असेल, पण हाडात काही उरलेलं नसेल.

शिवाय प्रश्न नेहमी ‘आर्य कुठून आले’ हाच नसतो. इनामगावच्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला पुरुष सापडला. घर गावप्रमुखाचं असावं, असं उत्खनकांनी मांडलं. घरांच्या जमिनीखाली पुरलेली मुलं एकमेकांची भावंडं होती का? प्रमुखपण बापाकडून मुलाकडे जायचं का? खापरं याचं उत्तर देणार नाहीत.

पांढरीचं टेकाड
नात्यागोत्याचा प्रश्न मला मान्य आहे. मग आधी तो प्रश्न लेखी मांडा आणि त्याला लागतील तेवढेच सांगाडे मागा. आजवर उलट होतं: आधी नमुने गोळा, प्रश्न मागाहून. आणि सुरुवात माणसापासून कशाला? त्याच थरातली गुरांची हाडं आधी तपासा. तिथे काहीच निघालं नाही, तर कवटीला हात लावायचं कारण उरत नाही.

कुंभतळ
गुरांची चाचणी चालेल, पण तिचा निकाल अंतिम धरू नका. खाल्लेल्या जनावराचं हाड शिजलेलं, फोडलेलं असतं. पुरलेल्या माणसाचं नसतं. हाडातलं कोलॅजेन हे प्रथिन मोजून ठरवू म्हणाल, तर तेही पुरेसं नाही. कोलॅजेन टिकलं म्हणजे डीएनए टिकला असं होत नाही.

माती चाळणारा
दोघेही कानातली हाडं विसरलात. कानातल्या तीन इवल्या हाडांत पेट्रसच्या तोडीचा डीएनए मिळू शकतो आणि कवटीला धक्का लागत नाही. जन्मतःच ती मोठ्या माणसाएवढी असतात, म्हणजे बाळांच्या कुंभांतही ती असणार. अडचण अशी की जुन्या उत्खननांत कवटी धुताना कानातली माती सरळ नाल्यात गेली. ज्या कवट्यांत ती माती अजून अडकलेली आहे, त्या आधी शोधा.

ते जमलं नाही, तर दाताच्या मुळावरचा सिमेंटम, म्हणजे बाहेरचा पातळ थर. पेट्रस अगदी शेवटी, तेही एकाच बाजूचं, आधी मायक्रो-सीटी (हाड न फोडता आतली घडण टिपणारा क्ष-किरण स्कॅन), वजन आणि फोटो घेऊनच. उरलेली भुकटी आणि तयार झालेली डीएनए लायब्ररी, म्हणजे पुन्हा वाचता येईल असा तयार केलेला डीएनएचा साठा, संग्रहाकडे परत यायलाच हवी, नाहीतर पुढचा गट पुन्हा ड्रिल घेऊन हजर. ज्या कवट्यांवर शेलॅक किंवा फेविकॉलसारखा चिकटद्रव्याचा थर दिलेला आहे, त्या यादीतून आधी वेगळ्या काढा. तो थर हाडात मुरतो आणि नमुना बिघडवतो.

पांढरीचं टेकाड
हा क्रम असेल तर माझा विरोध पेट्रसपुरताच उरतो. एक अट मात्र सोडणार नाही. निकाल आधी शिरूर तालुक्यातल्या इनामगावला मराठीत सांगायचा, त्यात किती नमुने वाया गेले तेही. वर्तमानपत्राला नंतर.

कुंभतळ
अट मान्य. पण वाया गेलेल्यांचा आकडा शोधनिबंधाच्या पुरवणीत दडवायचा नाही, पहिल्याच परिच्छेदात छापायचा.